दुसऱ्याच्या पायांचा नवस

“नवस बोलायचाच असेल तर आपल्या पायांचा बोल. दुसऱ्याचे पाय देवाच्या दारात नेऊन ठेवू नकोस.”

आई हे सांगायची तेव्हा तिच्या हातात बहुधा हिरवी केळी असायची. सुपासाठी केळी सोलली की चिकाने बोटं काळी होतात, म्हणून ती आधी हातांना तेल चोळायची आणि मग सोलता सोलता बोलायची. तिला ते ठेच लागून कळलं होतं. माझा थोरला भाऊ आमाब्ले लहानपणी तापाने फणफणला होता, तेव्हा तिने एल सिस्नेच्या मरियामातेला सांगितलं होतं, हा वाचला तर मोठेपणी तुझी मूर्ती खांद्यावर घेऊन चालेल. आमाब्ले वाचला, मोठा झाला, सोन्याच्या खाणीत कामाला गेला आणि तिकडचाच झाला. दर ऑगस्टला मातेची मिरवणूक डोंगरावरून लोहा शहराकडे निघाली की आई गर्दीतून पुढे घुसायची, मूर्तीच्या दांडीला नुसता हात लावायची आणि परत यायची. खांदा तिचा नव्हता. फेडायला तिच्याकडे काहीच नव्हतं.

बासष्ट वर्षं मी तिचं ऐकलं. विसरले ती मे महिन्यातल्या एका सकाळी, जमिनीपासून चारपाचशे मीटर वर.

आधी सेर्वियोंबद्दल सांगायला हवं, कारण पाय त्यांचे होते.

माझे यजमान सेर्वियो यांनी चाळीस वर्षं बस चालवली, लोहा ते राजधानी कितो, चौदा तास, डोंगरातून. आमच्या कातामायो गावात अजून कोणी त्यांना नावाने हाक मारत नाही, उस्तादच म्हणतात. देवाधर्माचं त्यांना वावडं नाही, पण एल सिस्नेच्या मातेशी त्यांचं वाकडं आहे. लोकांना वाटतं, ऑगस्टमध्ये यात्रेकरू रस्ता भरून चालतात आणि बस अडकते म्हणून. ते स्वतःही तेच सांगतात. “तिच्यासाठी मी चाळीस ऑगस्ट गाडी न्यूट्रलला टाकून बसलोय. माझी भक्ती तेवढी पुरे.”

खरं कारण दुसरं आहे. तेहेतीस वर्षांपूर्वी लोह्याहून कातामायोकडे उतरताना त्यांच्या बसचे ब्रेक गेले. आत अडतीस माणसं, एका बाजूला दरी. सेर्वियोंनी गिअर खाली आणत, कड्याला बस घासत घासत खालपर्यंत नेली आणि नदीकाठच्या उसात घातली. ऊस दाट होता. बस थांबली. एका बाईचा हात मोडला, बाकी कोणाला खरचटलंही नाही. पुढे महिन्याभरात त्या अडतीस जणांनी एल सिस्नेला चालत जाऊन तिथल्या भिंतीवर संगमरवरी पाटी लावली, मातेने आम्हाला वाचवलं म्हणून. पाटीवर तारीख होती, बसचा नंबर होता. सेर्वियोंचं नाव नव्हतं.

आणि मी त्या दिवसापासून कॉफीत साखर घालणं सोडलं. तेही मातेचे आभार म्हणून, रोज सकाळी, जन्मभर. कातामायो म्हणजे साखर कारखान्याचं गाव. वारा फिरला की उशीलासुद्धा काकवीचा वास येतो. अशा गावात कडू कॉफी पिणारी मी एकटीच असेन. सेर्वियो त्यावरून कधी भांडले नाहीत. कधीतरी माझ्या कपाकडे बघून म्हणायचे, “घे, पी तुझ्या मातेची कॉफी.” मी हसून सोडून द्यायचे.

आमची मुलगी मेल्वा कितोला असते. तिच्या मुलीचं पहिलं कम्युनियन, चर्चमधला प्रसाद पहिल्यांदा घ्यायचा विधी, त्या रविवारी होतं. माझ्या डाव्या गुडघ्याची मार्चमध्ये शस्त्रक्रिया झालेली, म्हणून मेल्वाने आम्हाला विमानाची तिकिटं काढून पाठवली. सेर्वियो कधी विमानात बसले नव्हते.

“स्टिअरिंगला कोण बसलंय ते दिसत नाही अशा गाडीत मी बसत नाही,” ते म्हणाले.

“मग त्यांना दार उघडं ठेवायला सांगू?”

“कर चेष्टा. अगं, ड्रायव्हरचं तोंड बघितलं की कळतं, रात्री झोप झालीय की नाही.”

तरी आले. मी मेल्वासाठी चौदा तामाल बांधून घेतले होते. मक्याच्या पिठाचे, केळीच्या पानात गुंडाळून उकडलेले, अजून कोमट. टोपली सीटखाली सरकवली. विमान पंख्यांचं, लहान, चाळीसेक माणसांचं. सेर्वियो खिडकीशी, मी शेजारी. पुढच्या रांगेत आमच्या गल्लीतली देइफिलिया होती. तिचं केस कापायचं दुकान आहे आणि गावातली प्रत्येक बातमी आधी तिच्या कात्रीखालून जाते.

खिडकीतून डाव्या बाजूचा पंखा दिसत होता. फिरताना ते नुसतं एक धुरकट वर्तुळ. विमान धावलं, उठलं, ऊस खाली गेला. मी जपमाळ काढली. पहिले दहा मणीही झाले नसतील.

“आवाज बदलला,” सेर्वियो म्हणाले.

“कसला?”

“ऐक. हा बरोबर नाही.”

मला काही वेगळं ऐकू येईना. मग धडाका झाला, पत्र्याच्या छपरावर कोणी भरलेलं पिंप टाकावं तसा, आणि विमान डावीकडे असं ओढलं गेलं की माझी टोपली घसरत मधल्या वाटेत गेली. जळक्या तेलाचा वास आला. मागे कोणीतरी किंचाळलं. मी सेर्वियोंच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. धुरकट वर्तुळाच्या जागी काळी पाती दिसायला लागली, एकेक मोजता येईल अशी, आणि मग ती थांबलीच. घरातला बंद पंखा असतो तशी निवांत.

समोर डोंगर होता. आमच्या खोऱ्याला कुठूनही बघितलं तरी समोर डोंगरच असतो.

आणि तेव्हा मी बोलले. मनात नाही, तोंडाने. किराणावाला ज्या बाईला रोज “जरा मोठ्याने बोला” म्हणतो, त्या बाईचा आवाज चार रांगांना ऐकू गेला.

“माते, आम्हाला सुखरूप खाली ने! ऑगस्टच्या आत सेर्वियो तुझ्या दारी चालत येतील!”

स्वतःचे पाय बोलणार होते. शब्द ओठावर आला आणि गुडघा आठवला. डॉक्टर म्हणाले होते, चढ अजिबात नको. इतक्या भीतीत इतकं शहाणपण कुठून सुचलं कोण जाणे. गुडघा आठवला, आई आठवली नाही.

सेर्वियोंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. एका हाताने त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि कपाळ काचेला टेकवलं होतं. एवढ्यात वरून एका बाईचा आवाज आला, अगदी भाजीचा भाव सांगावा तसा साधा.

“मी कॅप्टन नुरिया एगास बोलतेय. डावं इंजिन बिघडलं, ते आम्ही बंद केलं आहे. उजवं व्यवस्थित चालू आहे. आपण परत कातामायोलाच उतरतोय, पंधरा मिनिटं लागतील. डोंगर जवळ दिसतील. घाबरू नका, मला वाट माहीत आहे.”

“पंधरा?” देइफिलिया ओरडली. “विमानतळ तर मागेच आहे! ही बाई सरळ मागे का नाही वळत?”

“गप गं,” सेर्वियो म्हणाले. “एकच इंजिन, त्यात माणसं भरलेली. चढावर कुणी वळवतं का? बघ, ती नदी धरतेय. डोंगराच्या वाटेलाच जात नाहीये.”

खरंच विमान डोंगराकडे गेलं नाही. नदी जिकडे वळेल तिकडे ते वळत गेलं, हळूहळू, थोडं थोडं वर चढत. खाली कुणाच्या तरी अंगणात वाळत घातलेल्या चादरी मला स्पष्ट दिसल्या. सेर्वियो पुटपुटत होते. माझ्याशी नाही, तिच्याशी. “हं. घाई नको. खोरं पुढे रुंद होतंय, तिथपर्यंत थांब. थांब... आता. आता वळव. शाबास पोरी.” त्यांचा उजवा पाय जमिनीवर नसलेला ब्रेक दाबत होता.

मी जप करत होते. माझ्या एका बाजूला माता होती आणि दुसऱ्या बाजूला हे. दोघांच्या मध्ये बसून मी खाली आले.

चाकं टेकली तेव्हा दोन्ही बाजूंनी अग्निशमनाच्या लाल गाड्या धावत होत्या. विमान थांबलं. मग एकदम टाळ्या, हुंदके, हसणं, आणि कोणीतरी उभं राहून ओरडलं, “एल सिस्नेच्या मातेचा विजय असो!” सगळे ओरडले. मीही ओरडले. देइफिलिया मागे वळली, डोळ्यांतलं काजळ हनुवटीपर्यंत आलेलं.

“उस्ताद, तुमच्या पायांनी वाचवलं आम्हाला!”

“कुणाच्या?” सेर्वियो म्हणाले.

तिने सांगितलं. चवीने, हातवारे करून, माझा आवाज काढून सांगितलं. सेर्वियो माझ्याकडे वळले. मी टोपली शोधायला वाकले.

जिन्याखाली कॅप्टन उभी होती. चाळिशीची असेल, केस कपाळाला चिकटलेले. लोक उतरत होते, क्रूसाची खूण करत होते, एक म्हातारे गृहस्थ वाकून जमिनीचा मुका घेत होते, जो तो फोन कानाला लावून पुढे जात होता. तिच्यापाशी कोणी थांबत नव्हतं. सेर्वियो थांबले. त्यांनी टोपी काढली.

“कॅप्टन, मी सेर्वियो. चाळीस वर्षं बस चालवलीय. तुम्ही नदी धरलीत, ते फार छान केलंत.”

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुम्हाला कळलं?”

“कळलं. मी एकदा उसात घातली होती.”

ती हसली, आणि हसता हसता तिचे ओठ थरथरायला लागले. सेर्वियोंनी तिचा हात हातात घेतला तो सोडला नाही.

“रात्री झोप झाली होती?” त्यांनी विचारलं.

“झाली होती, काका.”

“वाटलंच मला.”

मग तिने विचारलं, कुठे राहता. इथेच, कारखान्याच्या मागे, हे म्हणाले. ती थोडी घुटमळली. “एक काम कराल माझं? मी उडते म्हणून माझी आई दर वर्षी एल सिस्नेला एक मेणबत्ती लावायची. गेल्या वर्षी आई गेली. यंदा कोणी लावलेली नाही. मला सुट्टी कधी मिळेल काही सांगता येत नाही.”

मी सेर्वियोंचा चेहरा बघत होते. त्यांनी टोपी दोन्ही हातांत फिरवली.

“लावतो,” ते म्हणाले.

चालताना मला म्हणाले, “ड्रायव्हरने ड्रायव्हरला नाही कसं म्हणायचं?”

विमानतळावर आम्हा सगळ्यांना बसवून ठेवलं आणि थंडगार सँडविच दिलं. कोणाच्या घशाखाली उतरेना. मी टोपली उघडली. चौदा तामाल आणि त्रेचाळीस तोंडं. कोणीतरी चाकू आणला, तुकडे केले, केळीची पानं हातोहात फिरली. जमिनीचा मुका घेणारे ते म्हातारे गृहस्थ पान चाटत होते. इतक्या चवीने माझे तामाल आजवर कोणी खाल्ले नसतील. मेल्वाचा फोन आला.

“आई! आई, तू रडतेयस का?”

“नाही गं. खातेय.”

कितोला आम्ही दुसऱ्या दिवशी बसनेच गेलो. माझा पाय सेर्वियोंच्या मांडीवर. ते ड्रायव्हरच्या अगदी मागे बसले आणि वाटभर त्याला वळणं सांगत राहिले. शेवटी तो बिचारा म्हणाला, “उस्ताद, तुम्ही पुढे या, मी मागे झोपतो.” नातीचं कम्युनियन छान झालं. पांढऱ्या झग्यात ती परी दिसत होती आणि सेर्वियो सगळ्यांना विमानाबद्दल सांगत होते, नदीसकट. पायांबद्दल नाही.

घरी परतल्यावर त्यांनी एक जाड पांढरी मेणबत्ती आणली आणि रेडिओशेजारी उभी केली.

“रविवारी पिकअप जाते वर, तिच्यातून जाऊन लावून येतो,” ते म्हणाले. “मेणबत्तीला पाय लागत नाहीत.”

“पण मी पाय बोललेय.”

“माझे. मला न विचारता. उद्या माझे दात बोलशील.”

“दात उरलेत किती तुमचे?”

हसले, पण हलले नाहीत. “लास्तेनिया, विमान त्या पोरीने उतरवलं. तिने सांगितलं म्हणून मेणबत्ती लावणार. तुझ्या मातेला तिच्या पाट्या पुरे आहेत.”

ते पाट्या म्हणाले आणि मी उठून चुलीकडे गेले.

देइफिलियाच्या कात्रीने तोवर आपलं काम केलं होतं. सेर्वियो पाव आणायला गेले तरी कोणीतरी विचारायचं, “काय उस्ताद, पायांना तेल चोळताय ना?” चौकात बाकावर बसणारे त्यांचे जुने सोबती तर त्यांना बघितलं की बुटांकडेच बघायचे. “ऑगस्ट आला हं.” “मातेने रस्ता झाडून ठेवलाय.” “चाळीस वर्षं हॉर्न वाजवलास यात्रेकरूंवर, आता तुझ्यावर कोण वाजवतो बघू.” जितकं लोक बोलत तितके हे आखडत. मग ते पिकअपमधूनही जाईनात. गेले असते तर गाव म्हणालं असतं, उस्ताद बायकोचा नवस चाकांवर फेडतोय. चालत गेले असते तर म्हणालं असतं, बायकोने पाठवला. जून गेला. मेणबत्ती रेडिओशेजारी उभीच.

मी फादर बाल्तासारांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसू आवरत होते हे मला दिसत होतं.

“लास्तेनियाबाई, दुसऱ्याला नवसात बांधता येत नाही. त्यांच्यावर काही नाही. तुमच्यावर जे आहे त्यातून मी तुम्हाला मोकळं करतो. महिनाभर आजारी माणसांच्या घरी सूप पोचवा.”

मी पोचवलं, एक दिवस न चुकवता. फादरांच्या शब्दावर मला शंका नाही. पण सकाळी जपमाळ हातात घेतली की पहिल्या मण्यालाच तो थांबलेला पंखा दिसायचा. मातेने तिचा शब्द पाळला होता. दिलेला शब्द सुपावर कसा मिटवायचा? आणि सेर्वियोंना पुन्हा म्हणायचं तर कोणत्या तोंडाने? त्यांचं खरं होतं. मी त्यांना विचारलं नव्हतं. आईसारखी मीही आता नुसता दांडीला हात लावून परत येणार, असं मला दिसायला लागलं.

जुलैच्या मध्यावर देइफिलिया घरी आली. सेर्वियो परसात कोंबड्यांचं जाळं दुरुस्त करत होते.

“आम्ही सगळ्यांनी ठरवलंय,” ती म्हणाली. “एल सिस्नेला विमानाची पाटी लावायची. मजकूर तू लिही.”

“मी?”

“मग कोण? बसच्या पाटीचा तूच लिहिला होतास ना? काय सुंदर होता गं. तोच घे की. बस काढ, विमान घाल.”

हे मी मघापासून सांगायचं टाळत आले. त्या पाटीचा मजकूर मीच लिहिला होता. माझं अक्षर चांगलं, भाषा चांगली, म्हणून ते लोक माझ्याकडे आले होते. त्यांच्यातले एक शाळामास्तर म्हणालेही होते, उस्तादांचं नाव घाला. मीच म्हटलं, नको. माझ्याच नवऱ्याचं नाव मीच कसं लिहू, बरं दिसत नाही, मातेपुढे माणसाचं नाव कशाला. मला तेव्हा ती नम्रता वाटली होती. संध्याकाळी सेर्वियोंनी विचारलं, काय लिहिलंस? मी वाचून दाखवलं. “छान आहे,” ते म्हणाले आणि बस धुवायला गेले. ती बस आधीच चेपलेली होती, गॅरेजमध्ये न्यायची होती. तरी धुवायला गेले.

देइफिलिया गेल्यावर मी कागद घेऊन बसले. “एल सिस्नेच्या मातेच्या कृपेने” इतकं लिहिलं आणि हात आपोआप पुढचे तेच शब्द लिहायला लागला, तेहेतीस वर्षांपूर्वीचे. तारीख. विमानाचा नंबर. त्रेचाळीस प्रवासी. मला जिन्याखाली उभी असलेली ती मुलगी दिसली, लोक तिच्या शेजारून पुढे जाताना. तिच्यापाशी एकच माणूस थांबला होता. का थांबला होता, ते मला त्या टेबलाशी कळलं.

मी कागद फाडला आणि दुसरा घेतला. लिहिलं, “एल सिस्नेच्या मातेच्या कृपेने आणि कॅप्टन नुरिया एगास यांच्या हातांनी आम्ही त्रेचाळीस जण सुखरूप घरी आलो.” शाई वाळू दिली आणि कागद साखरेच्या भांड्याखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेर्वियोंनी साखर घ्यायला भांडं उचललं. चष्मा शोधला. कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला.

“हिचं नाव आलंय,” ते म्हणाले.

“हो.”

“मातेला चालेल?”

“मातेला तेव्हाही चाललं असतं. मलाच सुचलं नाही.”

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. दोन चमचे साखर घातली आणि ढवळत राहिले. मी माझ्या कपाकडे बघत होते. मग कपाकडे बघणं सोडलं.

“अहो, त्या दिवशी अडतीस माणसं तुम्ही घरी आणलीत. माझं माणूसही तुम्हीच आणलंत. मी रोज सकाळी आभार मानत आले, पण तुमच्याकडे बघून एकदाही मानले नाहीत. आज मानतेय.”

साखर केव्हाच विरघळली होती. तरी चमचा फिरत होता.

“जरा मोठ्याने बोल,” ते म्हणाले. “ऐकू नाही आलं.”

आलं होतं. पण मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने, सगळं, पहिल्यापासून. परसातल्या कोंबड्यांनीही ऐकलं असेल. त्यांनी मान हलवली, नाक शिंकरलं आणि म्हणाले, “कॉफी निवतेय तुझी.”

पायांबद्दल मी त्या दिवशी बोलले नाही, नंतरही नाही. बोलले असते तर आभारांचा सौदा झाला असता. पण त्या सकाळपासून मला हलकं वाटत होतं, विमानातून उतरल्यावर वाटलं होतं त्याहून जास्त. पंखा दिसायचा थांबला. मातेला सांगितलं, तुझं देणं माझ्यावर राहू दे, आईसारखं मी ते सांभाळीन. फक्त एवढं बरं झालं की दुसरं एक फिटलं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी पुढच्या खोलीत जपमाळ करत होते. नुकतं उजाडलं होतं, कारखान्याचा पहिला भोंगा व्हायचा होता. मागच्या खोलीत सेर्वियोंची खुडबुड चालली होती. मी डोळे मिटलेलेच ठेवले, म्हणजे अगदी पूर्ण नाही.

ते पुढे आले. पायांत जाड तळव्यांचे जुने बूट, डोक्यावर टोपी, खांद्याला झोळी. झोळीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी उभं डोकावत होतं. मी रेडिओकडे बघितलं. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. टेबलावर माझा कप होता. त्यांनी तो उचलला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि अगदी हळू, बशीचा आवाज न होऊ देता परत ठेवला.

आमच्या फाटकाची कडी कुरकुरते. त्यांनी फाटक थोडं वर उचलून धरलं आणि कडी सरकवली, मला डुलकी लागलीय असं समजून किंवा मला कळू नये म्हणून.

मी उठून खिडकीशी गेले. कोपऱ्यावर डावीकडे पिकअपचा थांबा आहे. ते उजवीकडे वळले, एल सिस्नेच्या रस्त्याला. दोन दिवसांची वाट, सगळी चढाची. वळल्यावर थांबले, दोन्हीकडे बघितलं, आणि रस्ता ओलांडून समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील त्या बाजूने चालायला लागले, चाळीस वर्षं बसच्या खिडकीतून यात्रेकरूंना ओरडून सांगत आले होते तसे.